तपकिरी ठोकळे

“काका, आत झोप लागली काय?” अभिनंदन ओरडला. “दहा ठोकळे टाकायचेत ओ नुसते. ऑपरेशन नाही करायचं.”

खोक्यांच्या भिंतीआडून मी “झालं, झालं” म्हणालो आणि तसाच उभा राहिलो. माझ्या मुठीत दहा तपकिरी लाकडी ठोकळे होते, घामानं ओलसर झालेले. समोर भिंतीला चार खिळे आणि त्यांना लटकवलेल्या चार थैल्या. थैल्या माझ्या बायकोनं, प्रमिलानं शिवलेल्या, वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या ब्लाउजपिसांच्या. प्रत्येकीवर टाचणीनं एकेक चिठ्ठी लावलेली. चौथ्या थैलीवरची चिठ्ठी माझ्या अक्षरातली होती : ‘घरचे खेळ’.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. तेव्हा मी सहासष्टाचा होतो. सांगलीच्या एका वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काम करून निवृत्त झालो होतो आणि निवृत्तीनंतरही रोज तिथंच जाऊन बसत होतो, कारण दुसरीकडे कुठे बसायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रविवारी दुपारी तीन तरुण माणसं कोपऱ्यातल्या टेबलावर कसलासा पट मांडून दबक्या आवाजात भांडायची. एकदा मी त्यांना गप्प करायला म्हणून गेलो आणि त्यांची नियमपुस्तिका हातात घेऊन उभ्याउभ्या वाचून काढली. ज्या नियमावरून भांडण चाललं होतं तो अकराव्या पानावर, तळटीपेत होता. मी बोट ठेवून दाखवला.

“काका,” त्यातली मुलगी म्हणाली, “पुढच्या रविवारी काय करताय?”

ती शाल्मली आवटी. आर्किटेक्चर कॉलेजात शिकवायची. तिघं मिळून पटावरच्या खेळांची परीक्षणं मराठीत करायची आणि व्हिडिओ टाकायची. चॅनलचं नाव ‘पाचवा डाव’. खेळ पाच वेळा खेळल्याशिवाय त्याबद्दल तोंड उघडायचं नाही असा त्यांचा नेम होता. बोलायचं काम शाल्मलीचं. कॅमेरा आणि एडिटिंग इम्तियाज नदाफचं. तो एरवी लग्नाचे व्हिडिओ करायचा. जागा अभिनंदन चौगुलेची, म्हणजे त्याच्या औषधांच्या दुकानाचा पोटमाळा. चौथा मी. इंग्रजी नियमपुस्तिका मराठीत आणून द्यायचो. कॅमेऱ्यासमोर मी कधी बसलो नाही. एकदाच इम्तियाजनं चुकून माझी कोपरं चित्रात घेतली, ती मी काढायला लावली.

दिवाळी झाली की एका रविवारी पुढच्या वर्षीचे नवे प्रकल्प ठरायचे. सगळ्यांच्या नोकऱ्या, धंदे. वेळ फक्त रविवारचा. त्यामुळं चारांतले दोनच प्रकल्प होणार. प्रत्येकानं एक कल्पना मांडायची. मग प्रत्येकाला आपल्या रंगाचे दहा ठोकळे. एकेकानं खोक्यांच्या आड जायचं आणि चार थैल्यांत हवे तसे टाकून यायचं. ज्या दोन थैल्यांत जास्त ठोकळे, ते दोन प्रकल्प. स्वतःच्या थैलीत टाकायला बंदी नव्हती. हे सगळे नियम एका पानावर मीच लिहून काढले होते, आणि ते पान अभिनंदननं भिंतीला चिकटवलं होतं.

आणि त्या वर्षी मला जिंकायचं होतं. इतकं, की आदल्या रात्री मी नीट जेवलोही नव्हतो.

कारण माझ्या कपाटात, शब्दकोशांच्या मागं, एक खेळ होता. अकरा वर्षं मी तो करत होतो. नाव ‘पेव’. माझे वडील हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. लहानपणी त्यांच्याबरोबर मी हरिपूरला जायचो, तिथं जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवलेली असायची. पेव उघडलं की आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाही. पुढं पुरात बरीचशी पेवं गेली. माझ्या खेळात चार व्यापारी, बाजारात येणारी हळदीची गाडी, पेवं, कंदील, पाऊस असं सगळं होतं. पट मी ड्रॉइंग पेपरवर शाईनं काढला होता. पोती म्हणजे चिंचोके. अकरा वर्षांत मी तो दोनशे चौदा वेळा खेळलो होतो आणि प्रत्येक डावाची नोंद वहीत होती.

दोनशे चौदा वेळा, पण एकटाच. चारही व्यापारी मीच. एका खुर्चीवरून उठून दुसऱ्या खुर्चीवर बसायचं आणि आधीच्या खुर्चीवरच्या माणसाच्या मनात काय आहे ते विसरल्यासारखं करायचं. प्रमिलाला एकदा बसवलं होतं. ती पाऊस पडायच्या आतच झोपली.

तेव्हा ‘घरचे खेळ’ ही माझी कल्पना अशी : लोकांनी घरी बसून केलेले, कधी न छापलेले खेळ शोधायचे आणि त्यांचे व्हिडिओ करायचे. वर्षभर ते चालले असते. पाचव्या-सहाव्या भागाच्या सुमाराला कुणीतरी विचारलं असतं, काका, तुम्ही कधी केलाय का हो एखादा? आणि मी म्हणालो असतो, आहे एक, फार काही नाही.

त्या सकाळी कल्पना मांडताना मी चार पानं लिहून नेली होती. तिसऱ्या पानाच्या शेवटी वाक्य होतं, ‘असा एक खेळ माझ्याकडेही आहे.’ दुसरं पान संपल्यावर मी एकदम चौथं वाचलं.

“कल्पना छान आहे,” शाल्मली म्हणाली होती. “पण असे खेळ मिळतील का काका? तुमच्या माहितीत आहे का कुणाकडे?”

मी चष्मा पुसला. “शोधावे लागतील,” म्हणालो.

“म्हणजे आत्ता, या घडीला, कुणाकडेच नाही?”

“असतील. लोक बोलत नाहीत.”

इम्तियाज खाली बघून कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळत होता. शाल्मलीनं वहीत काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं.

तिची कल्पना ‘दहा मिनिटं’ : कुठलाही खेळ दहा मिनिटांत शिकवायचा. अभिनंदनची ‘काउंटरवरचा डाव’ : औषध घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानातच खेळायला बसवायचं. “डोकेदुखीची गोळी घ्यायला आलेल्याला डोकेदुखी मोफत,” इम्तियाज म्हणाला. इम्तियाजची स्वतःची कल्पना ‘नुसते हात’. एक शब्द न बोलता, फक्त पटावरचे हात दाखवून खेळ शिकवायचा. त्याची धाकटी बहीण नाझनीन हिला जन्मापासून ऐकू येत नाही. तो घरी एडिट करत बसला की ती मागं उभी राहून बघते आणि खुणेनं विचारते, ही बाई एवढं काय बोलते? हे सांगताना तो हसला. मी मात्र माझी चार पानं दुमडून खिशात ठेवली.

तर मी खोक्यांच्या आड उभा होतो.

“काका!”

“झालं,” मी म्हणालो, ठोकळे टाकले आणि बाहेर आलो.

थैल्या टेबलावर आल्या. शाल्मलीनं आपली आधी उपडी केली. निळे सहा, हिरवे दोन, पिवळे सहा. चौदा.

“पिवळे सहा? अभ्या, तू स्वतःला काही ठेवलंस की नाही?”

“आईनं सांगितलंय, दुकानात खेळ मांडलास तर घरात येऊ नकोस. एक टाकलाय मी मला. अब्रूपुरता.”

त्याच्या थैलीतून खरोखरच एकच पिवळा ठोकळा पडला. सगळे हसले. मीही हसलो.

“आता काकांची,” इम्तियाज म्हणाला. शाल्मलीनं ती सावकाश उलटी केली, हातानं ठोकळे पसरले आणि रंग वेगळे करायला लागली. हिरवे पाच, ते इम्तियाजचे. निळे चार, तिचे स्वतःचे. पिवळे तीन. एकूण बारा.

मी ते बारा ठोकळे बघत राहिलो. मला वाटलं होतं चार येतील. फार तर पाच.

“थांब, अडकलेत वाटतं,” शाल्मली म्हणाली. तिनं थैली झटकली, मग आत हात घालून शिवणीपर्यंत चाचपलं, शेवटी आतली बाजू बाहेर काढली. एक दोरा पडला.

“काका, तुमचे तपकिरी कुठं आहेत?”

इम्तियाजनं स्वतःची थैली जवळ ओढली आणि ओतली. हिरवे तीन. आणि तपकिरी दहा.

तेरा.

पोटमाळ्यावर पंखा होता, त्याचं एक पातं घासायचं. खाली दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

“एका ठोकळ्यानं,” अभिनंदन म्हणाला. “काय ओ काका. एका ठोकळ्यानं घालवलं की तुम्ही! एक जरी स्वतःला टाकला असता तर तुमचे तेरा आणि ह्याचे बारा.”

“इम्तियाजची कल्पना चांगली आहे,” मी म्हणालो. “मला मनापासून वाटलं.”

“दहाच्या दहा चांगली आहे?” शाल्मलीनं विचारलं.

“स्वतःच्या थैलीत टाकणं मला जरा… बरं दिसत नाही.”

“कुणाला दिसणार होतं?”

“रंग दिसतात ना नंतर.”

“मग आम्ही सगळ्यांनी टाकले ते? मी स्वतःला सहा टाकले. मी काय हावरट आहे?”

“तसं नाही गं. तू… तुझं वेगळं आहे.”

“काय वेगळं आहे?”

इम्तियाज मध्ये पडला. “ऐका की. माझं मी मागं घेतो. पुढच्या वर्षी करू. काकांचं होऊ दे.”

“नाहीतर परत टाकू या,” अभिनंदन म्हणाला. “पाच मिनिटांचं काम. काका, हे धरा तुमचे दहा, आणि या वेळी डोळे झाकून तुमच्याच थैलीत ओता. मी येतो पाहिजे तर हात धरायला.”

तिघंही माझ्याकडे बघत होते. नुसती मान हलवायची होती. आज मी इथं लिहिताना मान हलवून बघतो. काही जड नाही.

“निकाल लागला,” मी म्हणालो. “नियमात फेरमतदान नाही.”

“नियम तुम्हीच लिहिलेत!”

“म्हणूनच,” मी म्हणालो.

शाल्मली उठली. ती चिडली की आवाज चढवत नसे, उलट अगदी खाली आणायची, वर्गात शेवटच्या बाकालाही कान टवकारावे लागतील इतका.

“काका, एक सांगू? तुम्हाला हा साधेपणा वाटतो. आम्ही तिघांनी आपापले ठोकळे कमी करून तुम्हाला बारा दिले. इम्तियाजनं स्वतःला तीन टाकले आणि तुम्हाला पाच. ते बारा तुम्ही कचऱ्यात टाकलेत. आम्हाला काही कळत नाही, असंच ना? आम्ही चांगलं म्हटलं तरी ते चांगलं नाही.”

“मी असं कुठं म्हटलं?”

“तुम्ही कधी काही म्हणता का? सकाळी मी दोनदा विचारलं. कुणाकडे आहे का असा खेळ? दोनदा.”

मी पुन्हा चष्मा काढून पुसायला लागलो.

“सांग त्यांना,” इम्तियाज तिला म्हणाला.

“तू सांग. तुला सापडलं.”

इम्तियाजनं मान खाजवली. “काका, उन्हाळ्यात तुम्ही त्या जहाजांच्या खेळाचं भाषांतर दिलं होतं ना, फायलीत? त्या फायलीत मागं दोन पानं जास्त होती. ‘पेव : नियम, दुरुस्ती सतरावी.’ मला वाटलं याच खेळाचा भाग आहे. जहाजाच्या खेळात हळद कुठून आली म्हणून रात्रभर डोकं फोडलं मी.”

“मी शोधत होतो ती पानं,” मी कसाबसा म्हणालो.

“आम्ही वाचली,” शाल्मली म्हणाली. “तिघांनी. कंदिलाचा नियम वाचून अभ्या म्हणाला, हे माझ्या आज्जीनं सांगितलंय, हे खरं असायचं. तेव्हापासून वाट बघतोय आम्ही. म्हटलं, आपण होऊन सांगतील. सहा महिने झाले. आज तुम्ही ‘घरचे खेळ’ वाचायला लागलात तेव्हा वाटलं, आता सांगतात. आणि तुम्ही म्हणालात, शोधावे लागतील.”

“ते अजून पूर्ण झालेलं नाही.”

“सतरावी दुरुस्ती!”

“आता एकविसावी आहे.”

अभिनंदननं कपाळाला हात लावला.

त्या वर्षी ‘दहा मिनिटं’ आणि ‘नुसते हात’ झालं. ‘नुसते हात’ फार चांगलं झालं. नाझनीननं त्यातले हातवारे बसवून दिले, मिरजेच्या मूकबधिर शाळेतून मुलांची पत्रं आली. त्याच्या पुढच्या वर्षी उन्हाळ्यात शाल्मलीला अहमदाबादला नोकरी लागली आणि चॅनल थांबलं. ‘घरचे खेळ’ पुन्हा कुणी मांडलं नाही, म्हणजे मी मांडलं नाही. पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारचंच, त्याच दुपारचं.

“प्रकल्प गेला तो गेला,” शाल्मली म्हणाली. “नियम म्हणजे नियम, ठीक आहे. पण खेळायला नियमात बंदी नाही ना? आत्ता घरी जा आणि तो खेळ घेऊन या. कॅमेरा नाही, व्हिडिओ नाही. आम्ही थांबलोय.”

मी घरी गेलो. खणभागातल्या त्या दुकानापासून आमचं घर चालत बारा मिनिटं. शब्दकोश बाजूला केले, डबा काढला, एका पिशवीत ठेवला. मग वाटलं, सगळं आहे ना बघून घ्यावं. चिंचोके मोजले. नियमांची पानं चाळली. चौथ्या पानावर पावसाच्या नियमात एक वाक्य होतं, त्याचे दोन अर्थ निघू शकत होते. हे तिघं परीक्षण करणारे लोक. त्यांच्या पहिल्याच नजरेत येईल. मी पेन्सिल घेतली, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग त्याच्याशी जुळतं म्हणून तिसऱ्या पानावरचं बदललं.

दाराची बेल वाजली.

“अहो, कोण आलंय बघा,” प्रमिला बाहेरून म्हणाली. आणि मग तिचाच आवाज, खालच्या पट्टीतला, पण मला स्पष्ट ऐकू आलेला : “आत आहेत. खोडरबर घेऊन बसलेत. दीड तास झाला. चहा टाकते, तुम्ही आत जाऊन काढा त्यांना बाहेर.”

तिघंही खोलीच्या दारात उभी राहिली. अभिनंदननं पलंगावर पसरलेली पानं बघितली आणि काही न बोलता एकेक गोळा करायला लागला. इम्तियाजनं डबा उचलला. शाल्मलीनं माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली, लहान मुलाच्या हातातून काढतात तशी, आणि आपल्या केसांत खोचली.

जेवणाच्या टेबलावर पट मांडला. माझ्याशिवाय, आणि त्या एका वेळच्या प्रमिलाशिवाय, दुसऱ्या कुणाचे हात त्याला पहिल्यांदाच लागत होते. अभिनंदन पेवांची चित्रं बघत म्हणाला, “काका, हे तुम्ही काढलंय? दगडसुद्धा मोजून काढलेत की.” मी नियम सांगितले. कुणी मध्ये बोललं नाही. संपल्यावर इम्तियाज म्हणाला, “सोपा आहे. मस्त आहे.”

पहिली गाडी आली. गाडीत नऊ चिंचोके, म्हणजे नऊ पोती. पहिली पाळी शाल्मलीची.

“गाडीतून किती घ्यायची?”

“हवी तितकी,” मी म्हणालो. “भाव बघून, पेवात जागा बघून.”

“माझं पेव रिकामं आहे.”

“हो. सुरुवातीला सगळ्यांचंच असतं.”

तिनं हात पुढं केला आणि नऊच्या नऊ चिंचोके उचलून आपल्या पेवात ठेवले.

“अगं,” मी म्हणालो, “असं नाही.”

“का? बसतायत नऊ.”

“बसतात, पण बाकीच्यांना काय राहिलं?”

“ते मी कशाला बघू? पुढची गाडी कधी येते?”

“तीन फेऱ्यांनी.”

“तोवर हे तिघं काय करणार?”

मी पटाकडे बघितलं. इम्तियाजनं आपली पाळी आल्यावर रिकाम्या गाडीकडे बघितलं, खांदे उडवले आणि पाळी पुढं दिली. अभिनंदननं दिली. मी दिली. पुन्हा शाल्मली. तिलाही काही करायचं नव्हतं. ती नऊ पोत्यांवर बसून होती आणि भाव तिच्याच हातात होता. तीन फेऱ्या आम्ही चौघं हात बांधून बसलो. मग गाडी आली. पाळी पुन्हा तिचीच. तिनं पुन्हा सगळी उचलली. तिचं दुसरं पेवही भरलं.

“संपला,” इम्तियाज हळूच म्हणाला. “काका, डाव संपला. आता ही हरूच शकत नाही.”

“असं कुणी खेळत नाही,” मी म्हणालो.

“मी खेळले ना!”

“दोनशे चौदा डावांत असं एकदाही झालेलं नाही. माझ्याकडे वही आहे.”

“दाखवा.”

मी वही आणली. शाल्मली पानं उलटत गेली. दोन पोती, तीन पोती, दोन, दोन. तीन, दोन, दोन, दोन. वर्षामागून वर्षं. तिनं मधूनच एक पान उघडलं, बोट ठेवून खाली आली, मग दुसरं. अभिनंदन तिच्या खांद्यावरून वाचत होता. सगळ्यात मोठा आकडा चार होता, आणि त्याच्यापुढं मी कंसात लिहिलं होतं, ‘जरा जास्त’.

“काका,” ती म्हणाली. आता तिचा आवाज चिडका नव्हता, आणि ते मला जास्त लागलं. “दोनशे चौदा वेळा चार जण खेळले. एकानंही गाडी रिकामी केली नाही?”

“बाकीच्यांना ठेवावं ना काहीतरी.”

“कुठे लिहिलंय?”

मी पानं चाळली. मला पाठ होती, तरी चाळली. एकवीस दुरुस्त्यांत ते कुठंही लिहिलेलं नव्हतं. मला ते लिहायचं सुचलंच नव्हतं.

प्रमिला चहा घेऊन आली, पटाकडे एक नजर टाकून म्हणाली, “हरले का?”

“हरले नाहीत हो काकू,” अभिनंदन म्हणाला. “खेळ फसलाय. दुरुस्त होईल, पण आत्ता फसलाय.”

“अकरा वर्षांनी?” ती म्हणाली, आणि कप ठेवून माझ्या खुर्चीमागं उभी राहिली.

मी पट गोळा करायला लागलो. “पुढच्या रविवारपर्यंत मी एक नियम घालतो. एका पाळीला तीनपेक्षा जास्त पोती घ्यायची नाहीत. मग हे होणार नाही.”

“नको,” शाल्मलीनं माझ्या हातावर हात ठेवला. “असा नियम नको. तीनच घ्यायची म्हटलं की गंमत गेली. मोह पाहिजे. सगळं उचलायची मुभा हवी आणि उचलणाऱ्याला त्याचं काहीतरी भोगावं लागलं पाहिजे. ते शोधू. पण त्यासाठी आधी तुम्हाला कळलं पाहिजे, उचलताना कसं वाटतं.”

“म्हणजे?”

“परत मांडा. पहिली पाळी तुमची.”

अभिनंदननं गाडीत चिंचोके भरले. नऊ. मोठमोठ्यानं मोजून भरले.

“घ्या काका,” इम्तियाज म्हणाला. “नियमात बसतंय. तुम्हीच लिहिलंय.”

“लाजायचं काय त्यात,” अभिनंदन म्हणाला. “चिंचोके आहेत ओ.”

चौघं बघत होती. मी हात पुढं केला. नऊ चिंचोके मुठीत सहज मावले असते. टेबलावर ऊन आलं होतं, त्यात ते चकचकीत दिसत होते. मी बोटं उघडली आणि चार उचलले.

“काका!” तिघंही एकदम ओरडली.

“थांबा,” मी म्हणालो, “विचार करू द्या.” आणि बराच वेळ विचार करून मी त्यातलं एक पोतं परत गाडीत ठेवलं.